कोठीतली चाळीस मिनिटं

त्या दोघी जावा आहेत असं कारखान्यात नव्याने लागलेल्या बाईला सांगितलं, तर तिला ते खरं वाटत नसे. जावा जावा उभा दावा, हे ऐकतच ती लहानाची मोठी झालेली असायची. आणि इथे या दोघी एकाच मशिनच्या एकाच बाजूला उभ्या राहून नऊ वर्षं एकमेकींच्या हातात चादरीची टोकं देत होत्या, तेही न भांडता. बाकीच्या बाया त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. हळूहळू सुपरवायझरही म्हणायला लागला आणि हजेरीतली नावं हजेरीतच राहिली.

कारखाना धुलाईचा होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाडीतून यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून परत जायचे. धुऊन पिळलेली ओली चादर रोलरमध्ये घालायला दोन बाया, आणि पलीकडून ती कोरडी, कडक, बोटं पोळतील अशी बाहेर आली की पकडायला दोन. या दोघी पकडणाऱ्या. टोकं धरायची, झटका द्यायचा, अर्धी करायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं सोपवायची, वाकून खालची घडी उचलायची. दिवसातून चारशे वेळा तरी. दोघींची पावलं इतकी बसली होती, की थोरली गप्पा मारताना हाताकडे बघतसुद्धा नसे.

घरही एकच होतं. खालच्या दोन खोल्यांत धाकटी आणि तिचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर. तो फरशी बसवायची कामं घ्यायचा. वरच्या दोन खोल्यांत थोरली आणि तिची लेक. थोरलीचा नवरा सहा वर्षांपूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेला. धाकटीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुतणी शाळेतून आली की आधी काकूकडे आणि मग आईकडे. थोरलीला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट बरंच होतं, एक पोर दोघींच्या डोळ्यांसमोर.

ते ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. हवा हलत नव्हती. रोलरच्या वरचा, वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा तीन दिवस बंद होता आणि सुपरवायझर "उद्या येतोय माणूस" म्हणत होता. त्याचा उद्या काही उजाडत नव्हता. धाकटीला चार दिवस सर्दी होती. सकाळी निघताना तिने सर्दीची गोळी घेतली, चहा अर्धा टाकला आणि म्हणाली, "डोकं जड झालंय गं ताई, भरल्या घागरीसारखं."

"मग राहा घरी."

"राहून काय करू? घरात भाजून निघण्यापेक्षा तिथेच भाजू, हजेरी तरी लागेल."

दोघी हसल्या आणि निघाल्या.

साडेदहापर्यंत सगळं ठीक होतं. नंतर धाकटीच्या हातून टोक सुटलं. परत दिलं, परत सुटलं. तिसऱ्यांदा ती चादर घेऊन थोरलीकडे येण्याऐवजी उलटीच चालायला लागली आणि मध्येच थांबून हसली.

"अगं, लक्ष कुठंय?" थोरली म्हणाली.

"लक्ष तुझ्याकडेच आहे. तुझ्याकडेच असतं सगळ्यांचं."

आवाज जरा जाड वाटला, पण रोलरच्या घरघरीत कुणाचा आवाज धड येतो? थोरलीने चादर तिच्या हातून ओढून घेतली. तेवढ्याने धाकटी चिडली. ती कधी चिडत नसे. एक सणसणीत शिवी दिली. रोलरच्या पलीकडच्या बायांनी माना वर केल्या. त्यांना बघून धाकटीला जणू प्रेक्षक मिळाले.

"हिची नक्कल बघायचीय?" तिने मोठ्याने विचारलं. "भावजी गेले तेव्हा कशी रडली ते बघायचंय?"

आणि तिने करून दाखवलं. हातातल्या अभ्र्याने आधी डावा डोळा टिपला. अभ्रा समोर धरून ओला झाला का ते पाहिलं. मग दुसरं टोक शोधून उजवा डोळा टिपला. मग नाकाने एक छोटा सूंऽ केला आणि हुंदका आवरल्यासारखी मान हलवली. ते हुबेहूब थोरली होतं. स्वतः थोरलीलाही ते कळलं. एका बाईला हसू आवरलं नाही. ती हसली म्हणून दुसरीही हसली.

"हिची पोरगी तर माझ्याहून छान करते," धाकटी म्हणाली. "घरी आम्ही रोज हसतो."

थोरलीने हातातली घडी टेबलावर ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "कोठीत जाऊन पड," ती म्हणाली. "मला तोंड दाखवू नकोस आज."

धाकटी गेली. जाताना दरवाजाच्या चौकटीला खांदा आपटला, तरी हसतच गेली. कुणीतरी म्हणालं, "हिने काही घेतलंय का?" थोरली म्हणाली, "नाटकं नुसती." भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

कोठी म्हणजे घड्या ठेवायची मागची खोली. तिला खिडकी नव्हती. रोलरवरून उतरलेला गरम माल फळ्यांवर थप्प्या लावून ठेवायचा आणि छताखालून वाफेचा पाइप गेलेला. हिवाळ्यात बाया डबा खायला तिथे बसत. थोरलीला हे सगळं ठाऊक होतं. पण त्या घटकेला ती कोठी म्हणजे एक दार होतं, जे बंद झालं की बाई दिसायची नाही.

दुसरी बाई टोकं पकडायला आली. तिची पावलं जुळेनात. पावणेबाराला घड्यांची ट्रॉली भरली. ती कोठीत ढकलत न्यायची थोरलीची पाळी. ती म्हणाली, "राहू दे, अजून मावतंय वर." आणि त्या भरल्या ट्रॉलीवर आणखी वीसेक घड्या रचल्या. त्या तिला नंतर फार दिवस दिसत राहिल्या, एकीवर एक, काठ जुळवून नीट ठेवलेल्या.

बाराला भोंगा झाला तेव्हा तिने दार उघडलं.

धाकटी दोन फळ्यांच्या मध्ये टॉवेलांच्या ढिगावर आडवी पडली होती. एक चप्पल पायात, एक कुठेतरी. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली, दात आवळलेले. घशातून कुणी लाकूड ओढत न्यावं तसा आवाज. थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला आणि तो आपोआप मागे आला, रोलरवरच्या चादरीवरून येतो तसा. मग धाकटीचे हातपाय झटके देऊ लागले.

थोरली किंचाळली असं बाया सांगतात. तिला आठवत नाही. तिला आठवतो तो बॉयलरवाला. त्याने कुणाला विचारलं नाही. धाकटीला खांद्यावर टाकून धुण्याच्या बाजूला नेलं, ओल्या फरशीवर ठेवलं आणि नळी सोडली. कुणी ओरडलं, "अरे, गार पाणी नको, बाधेल!" तो म्हणाला, "मेलेल्याला काय बाधतंय?" आणि नळी डोक्यावर धरून राहिला. कपडे न्यायच्या गाडीतूनच तिला इस्पितळात नेलं.

तिथे ताप मोजला तेव्हा एकशे आठ भरला. पाणी मारून वर इतका. त्यांनी तिला बर्फात घातलं.

थोरली बाहेरच्या बाकावर बसली. दीर सिमेंटच्या हातांनी तसाच धावत आला आणि विचारलं, "वहिनी, काय झालं?" तिने सांगितलं, "गरमी झाली." तो शेजारी बसला. समोरून स्ट्रेचर गेलं, त्यावरची चादर त्यांच्याच कारखान्यातली होती, कोपऱ्यात निळा शिक्का. घडीची रेघ एका बाजूला सरकलेली. ही आपल्या हातची नाही, एवढं तिच्या मनात आलं. दुसरं काहीच आलं नाही. रडूही नाही. बाजूच्या बाया रडत होत्या आणि थोरली त्यांच्याकडे बघत होती, कोण कसा डोळा पुसतंय ते.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून एक माणूस कागद घेऊन आला. सुपरवायझर सोबत होता. काय काय झालं ते त्याने लिहून घेतलं. "कोठीत किती वेळ होत्या?"

"असेल दहा-पंधरा मिनिटं," थोरली म्हणाली.

सुपरवायझरने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. पंख्याचं त्यालाही निस्तरायचं होतंच. माणसाने 'दहा-पंधरा' लिहिलं आणि तिने खाली सही केली. 

पाचव्या दिवशी धाकटीने डोळे उघडले. मूत्रपिंडं आणि लिव्हर सावरायला आणखी काही दिवस गेले. मग डॉक्टरीणबाईंनी दिराला आणि थोरलीला बोलावून समजावलं. शरीराचा ताप इतका चढला की मेंदू सुजतो, त्यातल्या पेशी मरायला लागतात. त्यातही डोक्याच्या मागे, मानेच्या वर (त्यांनी स्वतःच्या मानेमागे बोट ठेवून दाखवलं) जो लहान मेंदू असतो, तिथल्या पेशी फार नाजूक. तोल तो सांभाळतो. हात कुठे थांबवायचा, शब्द कुठे तोडायचा, ते तो ठरवतो. "त्यांना सगळं समजेल," डॉक्टरीण म्हणाल्या. "ओळखतील, आठवेल. पण चालणं, बोलणं, घास तोंडापर्यंत नेणं हे सगळं पुन्हा शिकावं लागेल. किती परत येईल ते आज सांगता येत नाही."

"दहा-पंधरा मिनिटांत एवढं होतं?" दिराने विचारलं.

"ताप किती चढला याच्याइतकंच तो किती वेळ राहिला यालाही महत्त्व असतं. पहिल्या अर्ध्या तासात उतरवला तर पुष्कळ वाचतं." त्यांनी पुन्हा कागदावर नजर टाकली. "दहा-पंधराच मिनिटं असतील, तर मला जरा नवल वाटतं. पण त्याआधीपासून चढला असेल. चिडचिड, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं होतं का?"

दिराने थोरलीकडे पाहिलं.

"हसत होती," थोरली म्हणाली.

तो औषधं आणायला गेल्यावर ती परत आत गेली. "डॉक्टर, त्या तापात माणूस बोलतं ते खरं असतं का?"

"काय बोलल्या त्या?"

"काही नाही. असंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तापाने मेंदूचा लगाम सुटतो. शिव्या देतात, भांडतात, हसतात. पुष्कळदा लोकांना वाटतं की दारू प्यालेत. ती आजाराची पहिली खूण असते. त्यात खरं-खोटं शोधत बसू नका."

म्हणजे धाकटी नक्कल करत होती, तेव्हाच तिचा मेंदू शिजायला लागला होता. थोरलीला वाक्य समजलं. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली.

त्या रविवारी तिने भाजी निवडताना लेकीला विचारलं, "तुम्ही माझी नक्कल करता?"

लेकीच्या हातातली काडी तशीच राहिली. खोटं रचायला लागणारा वेळ तिने घेतला, पण खोटं बोलली नाही. "करायचो. बाबा गेल्यावर सहा महिने या घरात कुणी हसलं नव्हतं. मग एकदा काकूने केली. मला इतकं हसू आलं की नंतर मी रडले. मग कधीकधी करायचो. आई, तुला वाईट वाटावं म्हणून नाही गं."

"मग करून दाखव."

"आई…"

"दाखव म्हणते ना."

पोरीने ओढणीच्या टोकाने आधी डावा डोळा टिपला. टोक पाहिलं. दुसरं टोक शोधलं. तिचे डोळे खरोखरच भरले होते, म्हणून ते आणखीच हुबेहूब झालं. थोरलीने शेवटपर्यंत पाहिलं.

"बरी करतेस," ती म्हणाली. "कुकर लाव आता."

महिन्याभराने धाकटी घरी आली. दिराने खालच्या खोल्यांचे उंबरे काढून टाकले आणि भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लोखंडी नळी ठोकली. तिला धरून ती चालायची. पाय फाकवून, जोराने टाकत, हलत्या नावेत चालावं तशी. पाण्याच्या भांड्याकडे हात नेला की तो भांड्याजवळ पोचेपर्यंत ठीक असे आणि अगदी जवळ गेल्यावर कापायला लागे. शब्द तुटून यायचे, एकेक अक्षर सुटं, जड. "ता… ई… पा… णी." डोळे मात्र तेच होते. थोरली कामावरून आली की खाली जाऊन तिला भरवायची. घास तोंडात गेला की थांबायचं, गिळल्याचं गळ्यावर दिसलं की दुसरा. हे ती कारखान्यातल्या घड्यांसारखं करायची. काही न वाटता, चूक न करता.

कारखान्यात नवा पंखा बसला होता. भिंतीवर तापमापक लागला. तासातासाला घंटा व्हायची आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं. कोठीच्या दाराला गोल काच बसवली होती. येता-जाता बाया तिच्यातून आत डोकावत. थोरली डोकावत नसे.

चौथ्या महिन्यात एका दुपारी धाकटीने विचारलं. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. तो दिवस तिला अजिबात आठवत नव्हता. सकाळचा चहा आठवत होता, त्यानंतर थेट इस्पितळाचं छत. प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो. तू तिथे होतीस. तू सांग.

थोरलीच्या हातात वाटी होती. तिने ती खाली ठेवली.

"तुझ्या हातून टोकं सुटत होती. तू मला शिवी दिलीस. मग सगळ्यांपुढे माझी नक्कल केलीस, मी यांच्यासाठी रडले त्याची. बाया हसल्या. मी तुला कोठीत धाडलं." पुढचं ती त्याच सुरात बोलली. "मी सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटं सांगितलं. चाळीस होती. मध्ये ट्रॉली घेऊन आत यायचं होतं. नाही आले. रागात होते."

धाकटी बघत राहिली. मग तिला हसू आलं. हल्ली तिचं हसणं सुरू झालं की तिच्याच्याने थांबत नसे. ती हसत राहिली, ठसका लागला, थोरलीने पाठ थोपटली, लाळ पुसली. थांबल्यावर ती म्हणाली, "म… ला… वा… टलं… पड… ले."

"नाही. मीच धाडलं."

 बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"चा… ळीस," धाकटी म्हणाली. आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मान वळवतानाही ती दोन ठिकाणी अडकली.

दुसऱ्या दिवशी थोरली ऑफिसात गेली. जबाबात बदल करायचाय म्हणाली. कारकून म्हणाला, तो कागद केव्हाच पुढे गेला. तिने बसून दुसरा लिहून दिला. चाळीस मिनिटं, आणि ट्रॉलीचंही. कारकुनाने तो वाचला, तिच्याकडे पाहिलं, टाचणी लावून फायलीत ठेवला. सुपरवायझरने दोन दिवस तिच्याकडे बघणं टाळलं, मग तिला टॉवेलांच्या टेबलावर टाकलं. तिथे घडी एकटीलाच करता येते. त्यापलीकडे काही झालं नाही.

दिराला तिने स्वतः सांगितलं. तो फरशीचा तुकडा घासत होता. घासतच राहिला. "वहिनी," शेवटी म्हणाला, "उद्यापासून खाली येऊ नका."

ती गेली नाही. खालून भांडं पडल्याचा आवाज यायचा, मग त्याचा आवाज, मग काहीच नाही. लेक तेवढी जाऊन यायची आणि काही सांगायची नाही. थोरली विचारायचीही नाही. कामावर जायची, टॉवेलांच्या घड्या करायची, यायची, जेवायची, झोपायची. झोप चांगली लागायची. याचीच तिला कधीकधी भीती वाटे.

तीनएक आठवड्यांनी दीर जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. वर आला नाही. दाढी वाढलेली. "आंघोळीचं काही जमत नाही मला," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "बाई ठेवली होती. ही तिला हात लावू देत नाही. पोरीला सांगायची लाज वाटते तिला." मग म्हणाला, "ती तुम्हाला बोलव म्हणते. मी म्हणत नाहीये."

थोरली खाली उतरली.

न्हाणीत प्लास्टिकचा स्टूल ठेवलेला होता, भिंतीला इथेही नळी. धाकटी बारीक झाली होती, मणके मोजता येत होते. केसांत गुंता. थोरलीने बादलीत हात घातला. दिराने पाणी कोमट करून ठेवलं होतं. पहिला तांब्या खांद्यावर ओतताच धाकटी दचकली आणि नळीला घट्ट धरलं.

"ऊ… न."

"कोमट आहे गं."

"ऊन."

थोरलीने ती बादली ओतून दिली आणि नळाचं गार भरलं. पुन्हा ओतलं. या खेपेला धाकटीचे खांदे खाली आले. थोरलीने साबण लावला, मानेमागून सुरुवात करून. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी, केस जिथे सुरू होतात तिथे, तिची बोटं जरा वेळ थांबली. कातडी नेहमीसारखी होती. गार, ओली.

"कान मिट," ती म्हणाली.

"का… न… मिट… ता… येत… नाही. डो… ळे."

"हां. डोळे."

तिने पाणी ओतलं. बाहेरून दिराने विचारलं, "झालं का?"

"केस राहिलेत," थोरली म्हणाली, आणि गुंता सोडवायला लागली.